जीनोम वाचायचा तर आधी लेबल नीट लिहा

२०२१ च्या जूनमध्ये आमच्या लॅबमधून कोरोनाचे वीस नमुने जीनोम सिक्वेन्सिंगला, म्हणजे विषाणूची सगळी जनुकीय अक्षरं वाचायला, गेले. तीन आठवड्यांनी यादी आली तेव्हा त्यातल्या सहांपुढे 'वाचता आला नाही' असा शेरा होता. सांगली-साताऱ्यात तेव्हा दुसरी लाट ओसरायचं नाव घेत नव्हती. त्या सहांतले दोन नमुने तासगावकडच्या एकाच घरातले, सासूचा आणि सुनेचा. दोघींचे लशीचे दोन्ही डोस झाले होते, तरी दोघी एकाच आठवड्यात तापल्या होत्या. नेमका तोच विषाणू वाचायला हवा होता.

सहांपैकी चार नमुन्यांचा बर्फ वाटेतच वितळला होता. उरलेल्या दोनांची चूक माझी. खोका भरण्याआधी नळ्या स्पिरिटनं पुसल्या आणि साध्या पेनानं लिहिलेले नंबर पुसून गेले. सासू-सुनेच्या नळ्या याच होत्या.

मी सांगली जिल्ह्यात एका ग्रामीण रुग्णालयात लॅब टेक्निशियन आहे, एकोणीस वर्षं झाली. सिक्वेन्सिंगचं मशीन आमच्याकडे नाही, यायची शक्यताही नाही. पण मशीनपर्यंत जे जातं ते आमच्या हातून जातं. नव्यानं रुजू झालेल्या लॅबवाल्यांना, आरोग्य सेवकांना आणि सीएचओंना (समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांना) जे मी तोंडी सांगते, ते इथं एकदा सविस्तर लिहून ठेवते.

मुळात वाचायचं काय असतं

आरटीपीसीआर विषाणूचे दोन-तीन ठरावीक तुकडे नमुन्यात आहेत का, एवढंच बघते. सिक्वेन्सिंगमध्ये सगळी अक्षरं ओळीनं वाचतात. कोरोनाच्या विषाणूची अक्षरं साधारण ३० हजार, डेंग्यूची पावणेअकरा हजारांच्या आसपास, टीबीच्या जंतूची तब्बल ४४ लाख. जंतू वाढताना स्वतःची नक्कल काढत राहतो. नक्कल काढताना मधूनच एखादं अक्षर चुकतं आणि ती चूक पुढच्या सगळ्या नकलांत उतरते.

आशाताईंना समजावताना मी सातबाऱ्याचं उदाहरण देते. तलाठ्याकडून जुने फेरफार काढले की जमीन कुणाकडून कुणाकडे गेली ते कळतं. दोन उताऱ्यांवर पहिले चार फेरफार सारखे आणि पाचवा वेगळा असेल, तर चौथ्या फेरफारापर्यंत ती एकच जमीन होती, हे सांगायला वकील लागत नाही. जंतूचंही तसंच. दोन रुग्णांच्या जंतूंत फेरफार सारखे असतील तर त्यांची साखळी जवळची. पुष्कळ वेगळे असतील तर दोघं एका गल्लीत राहत असले तरी आजार वेगवेगळ्या वाटांनी आलेला.

या फेरफारांनी केवढं काम केलंय ते बघा. हैतीत शतकभर पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, नोंद नव्हती. ऑक्टोबर २०१० मध्ये ती अचानक उसळली आणि माणसं पटापट दगावू लागली. आली कुठून, यावर वाद सुरू झाला. पुढच्या वर्षी हैतीतल्या आणि नेपाळमधल्या जंतूंचे जीनोम शेजारी शेजारी ठेवून पाहिले, तर काही जोड्यांत ४० लाख अक्षरांमागे जेमतेम एक-दोन अक्षरांचा फरक. संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत नेपाळहून आलेल्या तुकडीची छावणी नदीकाठी होती आणि तिथलं सांडपाणी त्या पाण्यात जात होतं. संयुक्त राष्ट्रांनी आपला वाटा कबूल केला तो २०१६ मध्ये. कृष्णेच्या काठावर राहणाऱ्या माणसाला ही गोष्ट वेगळी समजवावी लागत नाही. वरच्या गावानं पाण्यात काय सोडलं ते खालच्या गावाला भोगावं लागतं.

कुणाचा नमुना पाठवायचा

सगळे पाठवता येत नाहीत, निवडावे लागतात. कोरोनाच्या वेळी पहिली अट होती सीटी व्हॅल्यूची, म्हणजे पीसीआरच्या कितव्या फेरीला विषाणू दिसला त्या आकड्याची: २५ किंवा त्याखालचीच. पीसीआरमध्ये प्रत्येक फेरीत माल दुप्पट होतो. २० व्या फेरीला दिसलेला आणि ३० व्या फेरीला दिसलेला नमुना यांत मूळ विषाणूचा फरक हजारपट पडतो. ३३ सीटीचा नमुना पाठवलात तर पॉझिटिव्ह असूनही त्याचा जीनोम तुटक-तुटकच येणार. अशानं पाठवणाराही थकतो आणि वाचणाराही.

दुसरी गोष्ट निवडीतल्या पक्षपाताची. लस घेऊनही आजारी पडलेले, दुसऱ्यांदा झालेले, तरुण असून आयसीयूत गेलेले, एकाच लग्नातून परतून एकदम तापलेले, हे नमुने पाठवायचेच. पण फक्त तेच पाठवले तर जिल्ह्यात काय फिरतंय ते कळत नाही, फक्त विचित्र काय घडलं ते कळतं. म्हणून आठवड्यातून ठरावीक दिवशी, ठरावीक संख्येनं, साधे सर्दी-खोकल्याचेही नमुने उचला. ते कुठून उचलायचे हे आधी ठरवून कागदावर लिहा. आयत्या वेळी उचलायला गेलं की जवळच्या दोन गावांचेच येतात. जत आणि आटपाडी लांब पडतात म्हणून नकाशावर कोरी राहिली, तर तिथं आजार नाही असा अर्थ निघत नाही.

नमुना घेताना

व्हीटीएमची, म्हणजे स्वॅब टिकवून न्यायच्या द्रावणाची, नळी उघडण्याआधी उजेडात धरा. आतलं पाणी गुलाबी आणि स्वच्छ हवं. पिवळं पडलं असेल किंवा गढूळ दिसत असेल तर ती नळी बाजूला ठेवा, मुदत शिल्लक असली तरी. स्वॅब नायलॉनचा किंवा पॉलिस्टरचा घ्या. लाकडी काडीचा कापूस-बोळा चालत नाही, त्यातली द्रव्यं पुढच्या तपासणीत अडथळा आणतात. घशातून नीट फिरवून घेतलेला स्वॅब नळीत बुडवा, काडी खुणेवर मोडा, झाकण फिरवा आणि ते कट्टकन बसलंय का ते बोटानं तपासा. मग झाकणाभोवती पॅराफिल्मचा, म्हणजे ताणून बसणाऱ्या मेणपट्टीचा, वेढा. त्यानंतर नळी उलटी करून टिश्यूवर दहा सेकंद धरा. टिश्यू ओला झाला नाही तरच ती खोक्यात जाते. हे दहा सेकंद मी कधीही वाचवत नाही.

डेंग्यूचं गणित तारखांचं. विषाणू रक्तात सापडतो तो तापाच्या पहिल्या पाचेक दिवसांत. त्यानंतर शरीर प्रतिपिंडं तयार करतं आणि विषाणू गायब होतो. सहाव्या-सातव्या दिवशी आलेल्या रुग्णाची आयजीएम (प्रतिपिंडांची तपासणी) पॉझिटिव्ह येईल, उपचाराला ती उपयोगीही पडेल, पण त्यातून जीनोम मिळणार नाही. डेंग्यूचे चार प्रकार आहेत आणि एकदा एक होऊन गेल्यावर दुसरा झाला तर आजार जास्त अवघड होऊ शकतो. जिल्ह्यात या पावसाळ्यात कोणता प्रकार फिरतोय हे कळायचं असेल तर ताप आल्या-आल्या घेतलेलं रक्तच हवं.

टीबीचा नमुना औषध सुरू करण्याआधी घ्यायचा. आणि रुग्णाशी नीट बोलायचं. "मावशी, तोंडातली थुंकी नको. सकाळी उठल्यावर चूळ भरा, दोन-तीनदा मोठा श्वास घ्या, मग छातीतनं खोकून येतो तो बेडका या डबीत टाका. उघड्यावर बसून करा, घरात नको." एवढं सांगायला एक मिनिट लागतं. न सांगता डबी हातात दिली तर लाळ येते, आणि लाळेवर कितीही महागडं मशीन चालवलं तरी टीबीचं अक्षर सापडत नाही. बेडका व्हीटीएममध्ये घालू नका, गोठवू नका, थंड ठेवून कल्चरच्या (जंतू वाढवून बघणाऱ्या) लॅबला लवकर पोचवा.

हातमोजे आणि मास्क यांबद्दल वेगळं सांगू नये असं वाटतं, पण सांगते. २०१४ मध्ये सिएरा लिओनमधल्या केनेमा इथं इबोलाच्या ७८ रुग्णांचे ९९ जीनोम वाचले गेले. साथ माणसाकडून माणसाकडेच पसरते आहे, पुन्हा पुन्हा जनावरांतून येत नाही, हे त्यातून दिसलं. तो शोधनिबंध छापून येईपर्यंत त्याच्या लेखकांपैकी पाच जण इबोलानंच गेले होते. त्यांत तिथले मुख्य डॉक्टर शेख हुमार खान होते. मी तो निबंध इंग्रजीत असल्यानं अर्धाच समजून घेऊ शकले, पण लेखकांच्या नावांपाशी बराच वेळ थांबले. आपण घेतो तो प्रत्येक नमुना कुणाच्या तरी जिवाशी बांधलेला असतो, घेणाऱ्याच्याही.

लेबल आणि फॉर्म

आता माझ्या मुख्य मुद्द्याला येते. अक्षरं मशीन वाचतं. ती अक्षरं कुणाची, कुठली, कधीची, हे मशीनला कधीच कळत नाही. ते फक्त फॉर्मवर असतं.

नळीवर स्पिरिटनं न पुसला जाणारा मार्कर वापरा, किंवा छापील लेबल लावा. ते झाकणावर नको, नळीवरच हवं. झाकणं अदलाबदल होतात. नळीवरचा नंबर, फॉर्मवरचा नंबर आणि नोंदवहीतला नंबर मोठ्यानं वाचून जुळवा. एकानं वाचायचं, दुसऱ्यानं बोट ठेवायचं. दुसरं कुणी नसेल तर शिपाईमामांना हाक मारा.

गाव पूर्ण लिहा. आमच्या जिल्ह्यात वाळवा नावाचं गावही आहे आणि तालुकाही. नुसतं 'वाळवा' लिहिलं तर पुण्यात बसलेल्या माणसानं काय समजायचं? कोरेगाव साताऱ्यात आहे आणि पुण्यातही. म्हणून गाव, तालुका, जिल्हा हे तिन्ही लिहा. ऊसतोड कामगार असेल तर दोन पत्ते: कारखान्याचा तळ आणि मूळ गाव. हंगाम संपला की टोळी एका रात्रीत गाड्या जुंपून निघते आणि तळावर चुलीच्या दगडांखेरीज काही उरत नाही.

तारखा दोन लिहायच्या, लक्षणं कधी सुरू झाली ती आणि नमुना कधी घेतला ती. फेरफार किती दिवसांत साचले याचा हिशेब तारखेवरच चालतो. कोरोनाच्या विषाणूत महिन्याला साधारण दोन अक्षरं बदलत असतात. तारीख पंधरा दिवसांनी चुकली तर एका अक्षराचा घोळ झालाच. आणि प्रवास, लस, घरातलं आणखी कुणी आजारी आहे का, हे रुग्णाला बसवून विचारा. 'निरंक' लिहिणं सोपं आहे. पण विचारलं तर माणसं सांगतात. "दहा दिवसांखाली मुंबईचा भाचा आला होता" हे वाक्य मला तिसऱ्यांदा विचारल्यावर मिळालंय.

बर्फ, खोका, वाट

व्हीटीएमचा नमुना २ ते ८ अंशांवर ७२ तासांच्या आत पोचला पाहिजे. त्याहून उशीर होणार असेल तर उणे ७० अंशांचा फ्रीझर हवा, आणि तो आपल्याकडे नाही. घरच्या फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवणं सगळ्यात वाईट. नमुना गोठतो, लाइट गेली की वितळतो, पुन्हा गोठतो, आणि दर खेपेला विषाणूचा आरएनए, म्हणजे ज्यावर ती अक्षरं असतात तो धागा, तुटतो. तो तुटला की पीसीआरचा छोटा तुकडा कदाचित सापडेल, पण सलग वाचन हातचं गेलं.

शुक्रवारी दुपारनंतर काही पाठवू नका. शनिवार-रविवार तो खोका कुठल्या तरी टेबलाखाली पडून राहतो. आमचे चार नमुने असेच गेले. आता मी सोमवार ते बुधवारच पाठवते, निघण्याआधी पलीकडच्या माणसाला फोन करते आणि पोचल्यावर पुन्हा करते.

खोक्याचे थर तीन. नळी पहिला. तिच्याभोवती सांडलं तर शोषून घेईल इतका कापूस आणि न गळणारी डबी, हा दुसरा. बाहेरचा टणक खोका तिसरा. फॉर्म दुसऱ्या आणि तिसऱ्या थराच्या मध्ये, प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा. आत नळीशेजारी ठेवला की भिजतो. लसीचा कॅरियर वापरायचा तर तो कायमचा नमुन्यांसाठी वेगळा काढा, त्यावर मोठ्या अक्षरांत तसं लिहा आणि पुन्हा कधीही लसीसाठी वापरू नका. ड्राय आइस मिळाला तर खोका हवाबंद करू नका. त्यातून निघणारा वायू कोंडला तर खोका फुटतो. बंद काचांच्या जीपमध्येही तो घेऊन बसू नका.

पलीकडे काय होतं

डिसेंबर २०२० मध्ये केंद्रानं इन्साकॉग हे जाळं उभं केलं, सुरुवातीला दहा प्रयोगशाळांचं. त्यांत पुण्याची एनआयव्ही (राष्ट्रीय विषाणू संस्था) आणि एनसीसीएस (राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र) या दोन्ही होत्या. नमुन्यातून आरएनए वेगळा काढतात, त्याचा डीएनए करतात, सुमारे चारशे-चारशे अक्षरांचे एकमेकांवर चढलेले तुकडे वाढवतात, प्रत्येक नमुन्याला ओळखखूण जोडून मशीनवर चढवतात. पुढं संगणक ते तुकडे कौलांसारखे एकावर एक बसवतो. मशीन मोठंच हवं असंही नाही. २०१५ मध्ये गिनीत तळहातावर मावणारं, लॅपटॉपला जोडायचं नॅनोपोअर यंत्र बॅगांतून नेऊन इबोलाचे नमुने तिथल्या तिथे वाचले होते, काही तर चोवीस तासांच्या आत. ते वाचल्यापासून मला वाटतं, निदान जिल्ह्याच्या ठिकाणी हे यायला हवं. नमुना पुण्याला जाऊन निकाल यायला आठवडे लागले तर तोवर लाट दुसऱ्या तालुक्यात गेलेली असते.

रिपोर्ट आला की

पहिल्यांदा वंशाचं, म्हणजे जंतूच्या उपप्रकाराचं, नाव बघू नका. आधी बघा जीनोमचा किती भाग वाचला गेला. अक्षर वाचता आलं नाही तिथं एन लिहितात. एनचाच भरणा असेल तर पुढचं नाव भरवशाचं नाही. एखादा बदल 'नाही' म्हणायला ती जागा मुळात वाचलेली असावी लागते.

मग बदल. मार्च २०२१ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयानं सांगितलं की महाराष्ट्राच्या नमुन्यांत दोन विशिष्ट बदल एकत्र असलेल्यांचं प्रमाण डिसेंबरपेक्षा वाढून १५ ते २० टक्क्यांवर गेलंय. याच कुळातला एक वंश पुढं जगभर डेल्टा म्हणून ओळखला गेला. ते आकडे जिल्ह्या-जिल्ह्यांतून गेलेल्या नळ्यांतूनच आले होते.

दोन रुग्णांचे जीनोम सारखे आले म्हणून 'याच्याकडून त्याला झाला' असं म्हणू नका. साखळी जवळची आहे एवढंच म्हणा. दोघांना तिसऱ्याच कुणाकडून झाला असेल. दिशा ठरते ती तारखांवरून आणि चौकशीवरून. टीबीत ढोबळ नियम असा की फरक पाच अक्षरांच्या आत असेल तर अलीकडची लागण शक्य, बाराच्या वर असेल तर बहुधा नाही. टीबीचा जंतू फार संथ बदलतो, वर्षाला सरासरी अर्धं अक्षर.

टीबीत खरा फायदा औषधाचा. सीबीनॅट या टीबी तपासणीच्या यंत्रावर रिफॅम्पिसिन हे टीबीचं मुख्य औषध लागू पडेल का, याचा निकाल दोन तासांत मिळतो आणि त्यानं असंख्य जीव वाचवलेत. पण ते यंत्र आरपीओबी जनुकाचा एक छोटा पट्टाच बघतं. आफ्रिकेतल्या इस्वातिनीत त्या पट्ट्याबाहेरचा एक बदल पसरला आणि तो असलेले रुग्ण तपासणीत 'औषध लागू पडेल' असेच दिसत राहिले. आयसोनियाझिड, फ्लुरोक्विनोलोन या टीबीच्या दुसऱ्या औषधांशी संबंधित जनुकं तर आणखी वेगळी. म्हणून सगळं वाचायचं. कोणता बदल कोणत्या औषधाला अडवतो याची यादी जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये काढली आणि २०२३ मध्ये सुधारली.

निकाल गावात सांगताना जपून. 'डेल्टाचं गाव' असं एकदा नाव पडलं की त्या गावच्या दूधवाल्याचं दूध कुणी घेत नाही. दक्षिण आफ्रिकेनं नोव्हेंबर २०२१ मध्ये ओमायक्रॉन ओळखून लगेच जगाला कळवलं, तर जगानं त्यांचीच विमानं अडवली. जानेवारी २०२० मध्ये चिनी शास्त्रज्ञांनी कोरोनाचा पहिला जीनोम सगळ्यांसाठी खुला केला, तेव्हाच तर तपासणीचं किट आणि लस करता आली. १६ मार्चला अमेरिकेत लशीची पहिली चाचणी-मात्रा माणसाला टोचलीसुद्धा. जो खरं सांगतो त्याला शिक्षा झाली तर पुढच्या वेळी तो सांगणार नाही. म्हणून फळ्यावर गावाचं नाव लिहू नका, रुग्णाचं तर नाहीच. घरी जाऊन सांगा.

आणि सगळं शांत असतानाही नमुने घेत राहा. मार्च २०२० मध्ये एनआयव्हीनं आपल्या महाबळेश्वरच्या गुहेतली वटवाघळं तपासली, त्यांतल्या काहींत निपाहची प्रतिपिंडं सापडली. माणसांत साथ आली असा याचा अर्थ नव्हता, पण कुठं लक्ष ठेवायचं ते कळलं.

नोंदवहीत शेवटचा रकाना 'कुणाला कळवलं, कधी' असा आखा. मागच्या हंगामात कारखान्याच्या तळावरच्या एका तरुण तोडणी कामगाराच्या नमुन्यात आयसोनियाझिडला दाद न देणारा बदल निघाला. रिपोर्ट आला तेव्हा टोळी निघून गेली होती. फॉर्मवर बीड जिल्ह्यातलं मूळ गाव आणि भावाचा नंबर होता. मी तिथल्या आरोग्य केंद्राला फोन केला, निक्षय आयडी, म्हणजे टीबी रुग्णाच्या सरकारी नोंदणीचा क्रमांक, सांगितला. चौथ्या दिवशी तिथल्या सिस्टरांचा फोन आला: "ताई, सापडला तो. औषध बदललंय." मी रकान्यात तारीख लिहिली. जून २०२१ च्या पानावर सहा ओळींसमोर तोच रकाना अजून कोरा आहे.